२७० : ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कोरलेली संख्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्या घरी संध्याकाळी गणिताची शिकवणी असते. हिवाळ्यात एखाद्या रविवारी मी सगळ्या मुलांना घेऊन किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात जाते. तिथल्या शिलालेखात २७० ही संख्या कोरलेली आहे, ती त्यांना दाखवायची असते. परत आल्यावर मुलं, त्यांचे आईवडील आणि पुण्याहून आलेले आमचे पाहुणे साधारण तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

इतक्या संख्या असताना २७० च का?

ती आपल्या गावची आहे म्हणून. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, दगडात, शून्यासकट लिहिलेली ही संख्या साडेअकराशे वर्षं जागच्या जागी आहे. ज्याने ती लिहिली त्याला तिच्या गणिती गुणांशी देणंघेणं नव्हतं, त्याला फुलबागेची लांबी नोंदवायची होती. पण संख्या उघडून बघितली की आत बरंच काही सापडतं. मुलांना सम-विषम, विभाजक, मसावि, सरासरी हे सगळं या एकाच संख्येवर शिकवता येतं, आणि शिकवलेलं विसरत नाहीत, कारण संख्या त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते.

शिलालेखात नेमकं काय लिहिलं आहे?

लेख संस्कृतात आहे आणि त्यावर संवत् ९३३ असं वर्ष आहे. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इ.स. ८७६ येतं. तेव्हा इथे गुर्जर-प्रतिहार राजा भोजदेव, म्हणजे मिहिरभोज, याचं राज्य होतं आणि किल्ल्याचा कारभार अल्ल नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. वैल्लभट्टाचा मुलगा अशी त्याची ओळख लेखात दिली आहे. देवळाला फुलबागेसाठी जमीन दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. शिवाय माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या.

म्हणजे लेखात ९३३, २७०, १८७ आणि ५० अशा चार संख्या अंकांत आहेत. शून्य दोनदा येतं, २७० मध्ये आणि ५० मध्ये. हात दीड फुटाचा धरला तर बाग साधारण ४०५ फूट लांब होते, एकूण अडीच एकरांच्या थोडी वर.

मागच्या वर्षी सहावीतला एक मुलगा टॉर्च धरून ओळी शोधत होता. अक्षरं त्याला लागत नव्हती, पण एका जागी तो थबकला. "काकू, हा तर आपलाच सात आहे!" सातच्या पुढे छोटंसं वर्तुळ होतं, बाकीच्या अंकांपेक्षा लहान. तो पुढे बराच वेळ बोललाच नाही.

हे जगातलं पहिलं शून्य आहे ना?

नाही. हे मी आधी स्पष्ट सांगते, कारण आपल्या गावाबद्दल खोटं सांगून त्याचा मान वाढत नाही. कंबोडियातल्या सांबोर इथल्या शिलालेखात शके ६०५ हे वर्ष अंकांत कोरलं आहे, त्यात शून्याच्या जागी ठिपका आहे. ते साल इ.स. ६८३, म्हणजे आपल्या लेखाच्या जवळपास दोनशे वर्षं आधीचं. गणिताच्या जुन्या बख्शाली हस्तलिखितातही ठिपक्याचं शून्य आहे, पण त्याच्या काळावर अभ्यासकांचं एकमत नाही. शून्याबरोबर बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसे करायचे याचे नियम तर ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच लिहून ठेवले होते.

मग ग्वाल्हेरचं वेगळेपण कशात आहे? शून्य इथे वर्तुळाच्या आकाराचं आहे, आजच्यासारखं. लेखावर तारीख आहे, त्यामुळे काळाबद्दल वाद नाही. आणि मला सर्वात मोलाची वाटते ती गोष्ट अशी की हे शून्य कुठल्या ग्रंथात नाही. ते बागेच्या मापात आणि माळांच्या हिशेबात आहे. कोरणाऱ्याने ते समजावून सांगितलेलं नाही, वाचणाऱ्याला कळेल हे गृहीत धरलं आहे. इ.स. ८७६ मध्ये या टेकडीवर शून्य रोजच्या वापरातलं होतं, याचा हा पुरावा आहे.

एका छोट्या वर्तुळाचं एवढं काय?

ते पुसून बघा. २७० चे २७ होतात. ४०५ फुटांची बाग चाळीस फुटांवर येते, एखाद्या वाड्याच्या चौकाएवढी. त्या वर्तुळाने २४३ हात जमीन धरून ठेवली आहे. (२४३ म्हणजे ३ पाच वेळा गुणून. हा योगायोग माझ्या लक्षात फार उशिरा आला आणि तेव्हापासून मुलांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

त्याआधी लोक मोठ्या संख्या लिहीत नव्हते असं नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहनांचा लेख याहून कितीतरी जुना आहे आणि त्यात दानाचे मोठमोठे आकडे आहेत. पण तिथे दहा, वीस, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. त्या पद्धतीत दोनशेचं एक चिन्ह, सत्तरचं दुसरं, आणि शून्याची गरजच नाही. स्थानावरून किंमत ठरवायची म्हटली, २ शतकाच्या घरात आणि ७ दशकाच्या घरात बसवायचा म्हटला, की एककाचं रिकामं घर दाखवायला काहीतरी लागतं. वर्तुळ त्यासाठी आहे.

२७० म्हणजे पावणेतीनशे का?

नाही, पावणेतीनशे म्हणजे २७५. इथल्या मुलांचा यात हमखास घोळ होतो, कारण घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पुस्तक इंग्रजी. पण पाढे आजीच्या पद्धतीने येत असतील तर २७० फार सोयीची संख्या आहे. पाऊणकीत ती ३६० ची पाऊण. दिडकीत १८० ची दीडपट. अडीचकीत १०८ ची अडीचपट, म्हणजे जपाच्या अडीच माळा. सवायकीत २१६ ची सव्वापट. आमच्याकडे आजी पावकी-निमकी-पाऊणकी संध्याकाळी परवच्यात म्हणून घ्यायची. अपूर्णांक नावाची भीती आम्हाला कधी वाटली नाही ती त्यामुळेच.

२७० मूळ आहे की संयुक्त? तिला किती विभाजक आहेत?

संयुक्त. मूळ अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ३ × ५. विभाजक सोळा: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, २७, ३०, ४५, ५४, ९०, १३५ आणि स्वतः २७०.

हे पाठ करायचं नाही, मांडून बघायचं. पाचवीतल्या एका मुलीला मी डबाभर चिंचोके दिले आणि २७० मोजून ओसरीवर आयतात मांडायला सांगितलं. आधी तिने दहा-दहाच्या २७ रांगा केल्या, त्या सोप्या होत्या. मग नवाच्या ३०, सहाच्या ४५. पंधराच्या अठरा रांगा झाल्या तेव्हा आयत जवळजवळ चौरस दिसायला लागला. तिला वाटलं अजून थोडं केलं की चौरस होईलच. सोळाच्या रांगा केल्या, चौदा चिंचोके उरले. सतराच्या केल्या, पंधरा उरले. अठरावर गेली तर पुन्हा आधीचाच आयत, आडवा ठेवलेला. "काकू, परत तेच यायला लागलं," म्हणाली. विभाजक जोडीने येतात आणि वर्गमुळाशी येऊन वळतात, हे तिला तिथे कळलं. २७० चं वर्गमूळ साधारण १६.४३ आहे, त्यामुळे सोळापर्यंत तपासलं की काम झालं.

न मांडता मोजायचे असतील तर मूळ अवयवांचे घातांक घ्या (२ चा एक, ३ चा तीन, ५ चा एक), प्रत्येकात १ मिळवा आणि गुणा: २ × ४ × २ = १६.

सोळा म्हणजे फार का? बरे आहेत, पण विक्रम नाही. २४० लहान असूनही तिला वीस विभाजक आहेत, १८० ला अठरा.

ती परिपूर्ण संख्या आहे का?

नाही. स्वतःला वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज तेवढीच आली तर संख्या परिपूर्ण, जशी ६ (१+२+३) किंवा २८. २७० च्या बाबतीत ही बेरीज ४५० येते, म्हणजे १८० ने जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात.

मात्र सगळे न घेता निवडक विभाजक घेतले तर बरोबर २७० होतात: १३५ + ९० + ४५. अर्धा, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश मिळून पूर्ण एक. याहून मजेदार गोष्ट वजनांची आहे. दाल बाजारातल्या एखाद्या दुकानात या सोळा विभाजकांएवढी वजनं, प्रत्येकी एकच, ठेवली आहेत असं समजा. एकाच पारड्यात वजनं टाकून १ पासून ७२० पर्यंतचं कुठलंही पूर्ण वजन मोजता येतं, एकही सुटत नाही. ४ हवे असतील तर ३ आणि १, १०० हवे तर ९० आणि १०, ७१९ हवे तर १ सोडून सगळी. ज्या संख्येचे विभाजक तिच्यापर्यंतचं प्रत्येक वजन असं जुळवून देतात तिला व्यवहारी संख्या म्हणता येईल. बागेच्या मापाला हे नाव शोभतं.

मग २७० चा सर्वात खास गुण कोणता?

माझ्या मते हा, आणि यासाठी थोडं बसून वाचा.

सरासरी दोन प्रकारे काढता येते. एक नेहमीची: सगळे मिळवा, जितके असतील तितक्यांनी भागा. दुसरीला हरात्मक मध्य म्हणतात. ती कुठे लागते ते प्रवासावरून कळेल. ग्वाल्हेरहून आग्रा साधारण १२० किलोमीटर. जाताना गाडी ताशी ६० ने गेली, येताना गर्दीत ४० ने. सरासरी वेग ५० का? नाही. जायला दोन तास, यायला तीन, एकूण पाच तासांत २४० किलोमीटर, म्हणजे ताशी ४८. हा ४८ म्हणजे ६० आणि ४० चा हरात्मक मध्य. काढायचा असा: प्रत्येक संख्येचा व्यस्त घ्या (१ भागिले ती संख्या), त्यांची बेरीज करा आणि एकूण जितक्या संख्या असतील त्यांना त्या बेरजेने भागा.

आता २७० च्या सोळा विभाजकांवर हे करा. १ + १/२ + १/३ + १/५ असं १/२७० पर्यंत जायचं आहे. कागद भरून जाईल असं वाटतं, पण छेद २७० करून घेतला की अंशांमध्ये तेच विभाजक उलट्या क्रमाने येतात. त्यांची बेरीज ७२०. म्हणजे ७२०/२७०, संक्षिप्त रूपात ८/३. सोळाला ८/३ ने भागा. बरोबर ६. अपूर्णांक नाही, उरलंसुरलं काही नाही.

असं पूर्णांक उत्तर देणाऱ्या संख्या फार थोड्या आहेत. १, ६, २८, १४०, २७०, ४९६, ६७२, आणि पुढे त्या विरळ होत जातात. नॉर्वेचे गणिती ऑयस्टीन ओर यांनी १९४८ मध्ये या संख्यांचा विचार मांडला, म्हणून त्यांना ओर संख्या असंही म्हणतात. परिपूर्ण संख्या सगळ्याच या यादीत येतात: ६, २८ आणि ४९६ त्यातल्याच. १ सोडून, परिपूर्ण नसूनही यादीत बसलेल्या पहिल्या दोन संख्या म्हणजे १४० आणि आपली २७०.

नेहमीची सरासरीही काढून बघा. ७२० भागिले १६, उत्तर ४५. तीही पूर्णांक. आणि ४५ × ६ = २७०! मुलांना इथे वाटतं की हा चमत्कार फक्त २७० चा. तसं नाही. कुठल्याही संख्येच्या विभाजकांची नेहमीची सरासरी आणि हरात्मक मध्य यांचा गुणाकार ती संख्याच येतो. वर ७२०/१६ आणि १६ × २७०/७२० हे गुणून बघितलं की कारण लगेच दिसतं. खास काय, तर इथे दोन्ही मध्य पूर्णांक निघाले.

शेवटचं एक. १ सोडली तर यादीत आजवर एकही विषम संख्या सापडलेली नाही. ओर यांचा कयास होता की तशी नाहीच. तो सिद्ध झाला तर विषम परिपूर्ण संख्या नसते हेही आपोआप सिद्ध होईल, आणि तो प्रश्न ग्रीकांच्या काळापासून पडून आहे. दोन्ही अजून सुटलेले नाहीत. आठवीतल्या मुलाला समजेल असा प्रश्न जगात कुणालाच सुटलेला नाही, हे सांगितल्यावर वर्गात होणारी शांतता मला फार आवडते.

विभाजकांची बेरीज ७२०, म्हणजे २७० चेच अंक फिरवून! याला काही अर्थ आहे का?

दिसायला सुंदर आहे, अर्थ नाही. पण का नाही, हे समजणं महत्त्वाचं आहे.

काही गुण संख्येचे असतात, काही तिच्या लिखाणाचे. सोळा विभाजक असणं, त्यांचा हरात्मक मध्य ६ असणं हे संख्येचं. २७० चिंचोके ओसरीवर ठेवा, आकडा लिहूच नका, तरी आयत तेवढेच होतील. पण २, ७ आणि ० हे अंक आपण दहाच्या गटाने मोजतो म्हणून आले. तिनाच्या गटाने मोजलं असतं तर हीच संख्या १०१००० अशी लिहिली असती, कारण २७० म्हणजे २४३ अधिक २७. संगणकाच्या दोनाच्या पद्धतीत ती १००००१११० होते. तिथे ७२० शी असलेलं अंकांचं नातं राहत नाही, विभाजक मात्र जिथल्या तिथे असतात.

शिलालेखातली गंमत दुसऱ्या प्रकारची आहे, लिखाणाची. म्हणून हे दोन्ही प्रकार शिकवायला मला ही भिंत इतकी जवळची वाटते.

हर्षद संख्या म्हणजे काय? २७० तशी आहे का?

आहे. अंकांची बेरीज २ + ७ + ० = ९, आणि ९ ने २७० ला निःशेष भाग जातो, ३० वेळा. अशा संख्येला हर्षद, म्हणजे आनंद देणारी, हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिलं. कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले आणि नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. विद्यापीठातली जागा नाही, मोठी पदवी नाही. आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांचं नाव आहे. शाळामास्तर म्हणून मला त्यांच्याबद्दल किती वाटतं ते लिहून सांगता येणार नाही.

त्यांच्या आणखी दोन खेळांत २७० टाकून बघा. पहिला: अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा. ७२० − ०२७ = ६९३. मग ९६३ − ३६९ = ५९४. मग ९५४ − ४५९ = ४९५. आता ४९५ वर कितीही वेळा करा, ४९५ च येईल. तिन्ही अंक सारखे नसले की कुठलीही तीन अंकी संख्या इथेच येऊन थांबते. चार अंकी संख्यांसाठी ६१७४ येतो, तोच कापरेकर स्थिरांक.

दुसरा: संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत जा. २७० + ९ = २७९. २७९ + १८ = २९७. आता २९७ चा वर्ग करा: ८८२०९. त्याचे दोन तुकडे करा, ८८ आणि २०९, आणि मिळवा. पुन्हा २९७! अशा संख्येला कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या भिंतीवरच्या संख्येपासून तिथपर्यंत दोनच पावलं.

(मागे गेलात तर २६१ + ९ = २७०. म्हणून २७० ही स्वयंभू नाही, तिला जनक आहे.)

वर्ग, घन, त्रिकोणी यांपैकी काही?

काहीच नाही. वर्ग करायचा तर ३० ने गुणावं लागेल: ८१००, म्हणजे ९० चा वर्ग. घन करायचा तर १०० ने: २७०००, म्हणजे ३० चा घन. त्रिकोणी संख्या २५३ नंतर थेट २७६.

दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ती लिहिता येत नाही, कारण मूळ अवयवांत ३ विषम वेळा आला आहे. तीन वर्ग चालतात: १६९ + १०० + १, किंवा १९६ + ४९ + २५, किंवा १२१ + १०० + ४९.

तिच्या शेजारच्या संख्या कोणत्या?

२६९ आणि २७१, आणि दोन्ही मूळ! दोनाच्या अंतरावरच्या अशा मूळ संख्यांना पुस्तकात जोडमूळ म्हणतात. ३ आणि ५ ही जोडी सोडली तर प्रत्येक जोडमूळ जोडीच्या मधली संख्या ६ च्या पटीत असते. कारण सोपं आहे: लागोपाठच्या तीन संख्यांत एक तरी ३ च्या पटीत असते, कडेच्या दोन मूळ असल्यामुळे ती मधलीच. आणि कडेच्या विषम असल्यामुळे मधली सम. सोळा विभाजकांची संख्या मधे, आणि दोन्ही बाजूंना कुणाच्याही पाढ्यात न येणाऱ्या दोघी. २७१ ला ४१ ने गुणून बघा, ११११ नाही, पाच एक येतात: ११,१११.

लागोपाठच्या संख्यांची बेरीज २७० कशी येते?

सात प्रकारे. तीन संख्या घेतल्या तर ८९ + ९० + ९१. चार घेतल्या तर ६६ पासून ६९. पाच घेतल्या तर ५२ पासून ५६. नऊ: २६ ते ३४. बारा: १७ ते २८. पंधरा: ११ ते २५. वीस: ४ ते २३. सातच का, तर १ सोडून २७० चे विषम विभाजक सात आहेत. प्रत्येक विषम विभाजक एक प्रकार देतो. २७ चा प्रकार −३ पासून सुरू होतो, −३ ते ३ आपसांत नाहीसे होतात आणि ४ ते २३ उरतात.

१ भागिले २७० केलं तर?

०.००३७०३७०३७ आणि पुढे ०३७ अखंड. २७ × ३७ = ९९९, त्याचा हा परिणाम.

अमेरिकेच्या निवडणुकीत २७० म्हणतात ते काय?

तिथे राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतं एकूण ५३८ आहेत. निम्मी २६९, बहुमताला एक जास्त. बाकी संबंध नाही.

बेरीज ९ येते, म्हणजे ही संख्या शुभ आहे का?

हा प्रश्न पालकांकडून येतो, गाडीच्या नंबरासाठी. ९ ने भाग जाणाऱ्या कुठल्याही संख्येच्या अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी ९ येतात. ९, १८, २७, ३६, अशा असंख्य. त्यात शुभ-अशुभ काही नाही. हौस असेल तर जरूर घ्या, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

शिलालेख बघायला कसं जायचं?

गाडीने किल्ल्याच्या उरवाई दरवाजाच्या बाजूने वर गेलात तर जैन तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती दिसतील, पण हे मंदिर वाटेत लागणार नाही. बहुतेक पाहुणे इथेच चुकतात. पूर्वेकडून, गुजरी महालाच्या बाजूने पायी चढा. चढावर एकाच खडकात कोरलेलं लहानसं विष्णूचं देऊळ आहे, तेच चतुर्भुज. दार बंद दिसलं तर तिथल्या रखवालदाराला विचारा.

टॉर्च नक्की न्या. समोरून प्रकाश टाकला तर भिंत सपाट दिसते, टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला की अक्षरांच्या कडांवर सावली पडते आणि अंक उठून येतात. बोट लावू नका, रंग किंवा खडू तर मुळीच नको. सकाळी लवकर जा, चढ दमवतो.

आणि १८७? तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही.

हा प्रश्न याच वर्षी एका मुलीने विचारला, आणि मला फार आनंद झाला. १८७ म्हणजे ११ × १७. २७० मध्ये २, ३ आणि ५, हिच्यात ११ आणि १७, सामाईक मूळ अवयव एकही नाही. मसावि १, म्हणजे दोघी सहमूळ.

बागेच्या दृष्टीने याचा अर्थ असा: पूर्ण हातांच्या मापाचे सारखे चौरस वाफे पाडून सगळी बाग भरायची असेल, तर एक हात बाय एक हात याहून मोठा वाफा चालणार नाही. असे ५०,४९० वाफे होतील. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ दोरी ताणली तर ती किती वाफ्यांवरून जाईल? सहमूळ असल्यामुळे हिशेब सोपा आहे: २७० + १८७ − १, म्हणजे ४५६. का, ते मी सांगत नाही. चौकटीच्या वहीवर ५ बाय ७ ची बाग काढा, पट्टीने कर्ण ओढा आणि तो जातो ते चौकोन रंगवून मोजा. ११ यायला हवेत.